इंजिन मागे नेणाऱ्याचा धाडमध्ये सत्कार

बुलढाणा, चुकून

धाडला जायचं असेल तर धाडला उतरावं लागतं. एवढी साधी गोष्ट मला जमली नाही. पुण्याहून निघालेली बस पहाटे धाडवरून गेली तेव्हा मी तोंडावर रुमाल टाकून घोरत होतो, आणि क्लीनरने खांदा हलवला तेव्हा बाहेर बुलढाण्याचं स्टँड होतं. मार्च संपत आला होता, तरी बुलढाणा उंचावर असल्यामुळे सकाळची हवा गार होती. चहाच्या गाडीपाशी कोर्टाच्या तारखेला आलेले दोघेतिघे कानाला मफलर बांधून बसले होते. मी मामांना फोन लावला.

"मामा, मी बुलढाण्यात आहे."

उत्तममामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांनी सगळी नोकरी एसटी चालवण्यात काढली आणि आता धाडला घरी असतात. झोपलेला पॅसेंजर पुढे नेणं हे त्यांच्या लेखी ड्रायव्हरचं पाप आणि पॅसेंजरचा बावळटपणा.

"मी अथी स्टँडवर हार घेऊन उभा हावो," ते म्हणाले. "गुरुजीबी हायेत संगं. आता त्यायले काय सांगू? इंजिन मागं नेनारा मानूस सोताच पुढं निंघून गेला म्हून?"

"झोप लागली म्हणून सांगा."

"झोपेचं नाव काढू नको. कलेक्टर हापिसात काम होतं म्हन."

कलेक्टर कचेरी उघडायला अजून चार तास होते. पण मामांनी एकदा सांगितलं की सांगितलं.

हे इंजिनाचं प्रकरण काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी पुण्यात एका अमेरिकन मोटार कंपनीच्या कार्यालयात काम करतो. या कंपनीची एक स्पोर्ट्स कार आहे: दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, आणि तिकडच्या लोकांच्या गळ्यातला ताईत. तिचं इंजिन आमच्या आजोबांच्या काळापासून पुढे होतं. ते उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या जरा अलीकडे ठेवायचं, असं तिकडे कित्येक वर्षं नुसतं घाटत होतं. कारण साधं आहे. गाडी ढकलतात मागची चाकं आणि वजन बसलेलं पुढे. ताकद वाढवत नेली की चाकं जागच्या जागी गरगरतात. वजन मागे सरकलं की ती रस्ता धरतात. कारण साधं असलं तरी त्यापायी अख्खी गाडी नव्याने करावी लागते, आणि लांब नाकाच्या जुन्या गाडीवर जीव टाकणारे लोक रुसतात ते वेगळंच.

शेवटी एकदाचं ठरलं, आणि लपवाछपवी सुरू झाली. चाचणीची पहिली गाडी तर मालवाहू पिकअपचं सोंग चढवून फिरवली. नंतरच्या गाड्यांना काळ्यापांढऱ्या नक्षीचे कागद डकवले आणि खोटे फुगवटे लावले. आपल्याकडे दारात बहुरूपी येतो, त्यातलाच प्रकार. आम्हा पुण्यातल्या लोकांकडूनही तोंड बंद ठेवण्याचं लिहून घेतलं. काय काम करतो हे बायकोलाही सांगायचं नाही.

पुण्यात याचा काही त्रास झाला नाही. पुण्यात शेजारी काय करतो हे कोणी विचारत नाही, विचारलंच तर उत्तर ऐकत नाही. धाडमध्ये मात्र 'सांगता येत नाही' या उत्तराचे दोनच अर्थ होतात: पोराची नोकरी गेली, नाहीतर पोरगं आत आहे. चार वर्षं स्टँडवरच्या चहाच्या टपरीत इंगळे गुरुजी मामांना विचारत, "उत्तम, भाचा काय करून राह्यला?" आणि मामा म्हणत, "सांगता येत नाई." गुरुजी नुसती मान हलवत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने अशी मान हलवली की गावात ठराव पास झाल्यासारखं असतं.

मग गाडी जगासमोर आली. मी मामांना आनंदाने फोन करून सांगितलं, की मामा, आता बोलता येतं, त्या गाडीचं इंजिन मागे गेलं. मामांनी त्याचा अर्थ असा घेतला की ते मी नेलं. चार वर्षांची कसर त्यांनी एका आठवड्यात भरून काढली. गुरुजी म्हणाले, "बोलाव त्याले. त्याच्याच तोंडानं ऐकू." तेवढ्यात करोना आला, मग मामींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आणि बोलावणं लांबत गेलं. मामा टपरीतल्या ज्या बाकावर रोज बसतात त्या बाकावर त्यांच्या माघारी लोक काय म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. आईने मला फोनवर सांगितलं, "त्याला तिथे बंडलबाज म्हणायला लागलेत रे. तू एकदा जाऊन ये." म्हणून मी निघालो होतो.

बुलढाण्याहून धाडला परत जाणाऱ्या जीपमध्ये एका बाजूला गव्हाचं पोतं आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ, असा बसलो. त्यांनी माझं गाव, आईचं गाव, मुलं किती, हे विचारून झाल्यावर काम विचारलं. मी मोकळ्या मनाने सगळं सांगितलं. इतक्या वर्षांनी मोकळेपणाने सांगायचं म्हणजे अंगावर मूठभर मांस चढतं. गृहस्थांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पन भाऊ, रिक्षाचं इंजिन तं मागंच असते."

जीपमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ड्रायव्हरनेही.

धाड

स्टँडवर हार थोडा सुकला होता, पण मामा ताजे होते. गुरुजी मात्र कंटाळून घरी गेले होते, याचं मला बरं वाटलं. मामांनी भर रस्त्यात हार घातला आणि मला तसंच मिरवत घरी नेलं. वाटेत जो भेटेल त्याला "जय भीम" करून झाल्यावर मामा म्हणत, "कलेक्टरनं अडकवून ठिवलं होतं त्याले."

मामींनी पातोडीची भाजी केली होती. बेसनाच्या वड्या आणि वर लाल तर्री. पुण्यात आम्ही ज्याला तिखट म्हणतो ते मामींच्या मते आजारी माणसाचं जेवण. मी दुसऱ्या घासाला पाणी प्यायलो, तिसऱ्या घासाला रडलो, आणि चौथी भाकरी मागून घेतली. मामी गुडघ्यावर हात ठेवून समाधानाने बघत होत्या. "खाय बाप्पा," त्या म्हणाल्या, "तथी तुले कोन देते असं?" खरं आहे, कोणी देत नाही.

जेवण झाल्यावर मामांनी पाय लांब केले आणि विचारलं, "आता मले सांग. उचललं कसं?"

"काय?"

"इंजिन."

तेव्हा मला सांगावंच लागलं. मी म्हणालो, की मामा, या गाडीवर शेकडो माणसं कामाला होती. इंजिन मागे गेल्यावर सामानाची एक डिकी इंजिनाच्याही मागे आली. तिच्यात गोल्फच्या दोन पिशव्या मावल्या पाहिजेत अशी तिकडची अट. आता इंजिनाला खेटून डिकी म्हणजे आतलं सामान भाजून निघणार. तर मधली भिंत कशाची करायची, वारा कुठून आणायचा आणि कुठून बाहेर काढायचा, म्हणजे बॅगा तापणार नाहीत, एवढं माझं काम होतं. माझं म्हणजे आम्हा सहाजणांचं.

मामा विचारात पडले. त्यांच्या जुन्या एसटीत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, आतल्या बाजूला असायचं, वर एक लोखंडी झाकण. त्या झाकणावर त्यांनी जन्मभर जेवणाचा डबा ठेवला.

"मंग डबा थंडा होत असन," ते म्हणाले.

"थंड नाही होत, तापत नाही."

"तेच तं. मोताळ्याले पोचेपर्यंत माही भाजी वाफाळे. तुमी लोकायनं चार वर्षं बसून ते बंद केलं?"

मी भारतातल्या आणि अमेरिकेतल्या बऱ्याच वरिष्ठांना माझं काम समजावून सांगितलं आहे. त्यांच्यापैकी कोणीही हा मुद्दा काढला नव्हता.

मामींना वेगळीच शंका होती. गोल्फच्या दोन पिशव्या मावतात ते ठीक, पण सोयाबीनचा एक कट्टा, म्हणजे पोतं, मावतं का? मी म्हणालो, मावेल. त्या म्हणाल्या, "मंग बरी हाये."

मामा उठून दार लावून आले. "हे पाह्य राहुल," त्यांचा आवाज खाली आला होता. "परवा समाजमंदिरात सत्कार हाये. गाव येईन. हे डिकीचं काई काढू नको. मी लोकायले इंजिन सांगतलं हाये. तू नुसतं इंजिन म्हनजो अन् खाली बसजो. माहा शब्द हाये तथी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "रोज त्याच बाकावर बसाचं रायते मले."

मी हो म्हणालो.

मोताळा

दुसऱ्या दिवशी सत्काराचा फ्लेक्स आणायला मोताळ्याला गेलो. फ्लेक्स बुलढाण्यात छापून मिळतो, पण मामींच्या भावाचं दुकान मोताळ्याला आहे, आणि मेव्हण्याचं दुकान सोडून दुसरीकडे छापला तर त्या घरचं पाणी बंद होईल, असं मामा म्हणाले. शेजारच्या अन्वरभाईंची जुनी व्हॅन ठरवली. इंजिन पुढच्या सीटखाली असतं तशातली ती व्हॅन. मला पाहुणा म्हणून पुढे बसवलं.

बुलढाणा सोडलं की रस्ता राजूर घाटातून खाली उतरतो. पळस फुलला होता, उघड्याबोडक्या डोंगरावर तेवढाच रंग. खाली कापूस वेचून झालेली शेतं लांबवर पसरलेली. असा घाट आमच्या पुण्याजवळ असता तर वळणावळणावर भजी आणि सेल्फी असते. इथे एका वळणावर फक्त एक बाई शेळ्या घेऊन बसली होती आणि तिने आमच्याकडे बघितलंही नाही.

मला हे सौंदर्य पुरतं भोगता आलं नाही, कारण मी तापत होतो. आधी उबदार वाटलं, मग गरम, मग मी डाव्या कुल्ल्यावरून उजव्यावर आणि पुन्हा डाव्यावर असा कारभार सुरू केला. घाट संपेपर्यंत मी सीटवर नव्हतोच, दाराच्या कडीला लोंबकळत होतो. मामा मागून म्हणाले, "हे इंजिन मधीच हाये ना? मंग अन्वरची गाडीबी तुह्या गाडीच्याच जातीची झाली." पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे इंजिन, या नियमाने बघायला गेलं तर त्यांचं फारसं चुकत नव्हतं, आणि याच गोष्टीचा मला राग आला.

मोताळ्याला उतरल्यावर मी पायाशी ठेवलेली बॅग उघडली. मेव्हण्यांच्या मुलांसाठी पुण्याहून आणलेली चॉकलेटं लॅपटॉपच्या चार्जरभोवती, माझ्या चष्म्याच्या घरात आणि धुतलेल्या सदऱ्याच्या बाहीत वाहून गेली होती. इंजिनाच्या उष्णतेपासून बॅग वाचवण्यासाठी मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. अन्वरभाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साब, सामान पीछे रखते ना. इथं तर माझी अम्मा पापड सुखाते." मुलांनी चार्जर चाटून साफ केला. त्यांना पद्धत आवडली.

दुकानात फ्लेक्स तयार होता. त्यावर लिहिलं होतं, 'अमेरिकेच्या गाडीचे इंजिन मागे नेणारे धाडचे भाचे यांचा भव्य सत्कार'. माझा फोटो कुठल्याशा लग्नातून कापून घेतला होता, त्यामुळे खांद्यावर कोणाचा तरी हात शिल्लक राहिला होता. शेजारी लाल रंगाची एक सुंदर गाडी होती, समोरचं झाकण उघडलेली. झाकणाखाली, गाडीच्या पुढच्या भागात, इंजिन लखलखत होतं.

मी ते दाखवलं. मेव्हणे म्हणाले, "ते नेन्याच्या आधीचं समजा."

पुन्हा धाड, सत्काराची संध्याकाळ

आमच्या पुण्यात सत्काराला सत्कारमूर्तीचा सत्कार करतात. धाडमध्ये आधी सगळ्यांचा करतात. सरपंच, माजी सरपंच, माईकवाला, फ्लेक्स देणारे मेव्हणे, व्हॅन चालवणारे अन्वरभाई, अशी रांग लागली आणि माझी पाळी येईपर्यंत शाली संपल्या. मग माजी सरपंचांनी आपल्या खांद्यावरची शाल काढून दिली आणि ती मला पांघरली. ऊब त्यांची, मान माझा. समाजमंदिर भरलं होतं, बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत इंगळे गुरुजी काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

मामा बोलायला उभे राहिले. "ज्या इंजिनाले अमेरिकेतल्या भल्याभल्यायनं हात लावला नाई," ते म्हणाले, "ते ह्या पोरानं मागं नेलं." टाळ्या पडल्या. मामांनी माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "इंजिन म्हन अन् बस."

मी माईक घेतला. "इंजिन," मी म्हणालो, आणि बसायला वाकलो.

"राहुलबाळ," गुरुजी म्हणाले. शाळेतली पुस्तकी भाषा ते अशा प्रसंगाला बाहेर काढतात. "एक विचारू का? आम्ही मोबाइलवर चित्र पाहिलं. तू प्रत्यक्ष पाहिलं आहेस. ते इंजिन जवळून कसं दिसतं रे?"

मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही. कचेरीत उशीर झाला की मी सर्रास बोलतो. पण गुरुजींच्या प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरंच ऐकायचं होतं. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

"मी पाहिलं नाही, गुरुजी," मी म्हणालो. "इंजिन नाही आणि गाडीही नाही. ती गाडी इकडे विकायला येत नाही आणि मला तिकडे कोणी नेलं नाही. मी पुण्यात संगणकावर तिचं तापमान पाहतो. कुठे लाल आहे, कुठे पिवळं आहे. लाल असेल तर ते पिवळं कसं होईल ते पाहायचं. मागच्या डिकीतल्या बॅगा तापू नयेत, एवढंच माझं काम. इंजिन दुसऱ्यांनी नेलं."

लोकांनी फ्लेक्सवरच्या इंजिनाकडे पाहिलं. मग मागून एकजण म्हणाला, "म्हंजे तुमी बॅगा थंड्या ठिवता?"

"हो."

"फ्रिज हाये का तथी?"

समाजमंदिर हसलं. माईकवाला हसला, माजी सरपंच हसले, भिंतीला टेकलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कोणीतरी कट्टा मावतो का ते विचारलं आणि मामी जागेवरून ओरडल्या, "मावते, म्या विचारलं हाये." त्यावर आणखी हसले. मीही हसलो असतो, पण मला शेजारी मामा दिसत होते. ते आपल्या चपलांकडे बघत होते. फ्लेक्सवर माझ्या खांद्यावर परका हात होता आणि खाली खुर्चीत माझा सख्खा मामा माझ्यापासून जरा सरकून बसला होता. मला फार वाईट वाटलं.

घरी जेवताना मामा भाजी छान आहे एवढंच बोलले. मामी म्हणाल्या, "पोरगं खरं बोललं, त्यात काय झालं?" मामा म्हणाले, "काई नाई झालं." भाकरी अर्धी टाकून ते उठले.

निघताना

सकाळी मामा मला बसवर सोडायला आले. स्टँडवरच्या टपरीपासून ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालले. रोजच्या बाकाकडे त्यांनी मान वळवली नाही. पण गुरुजी तिथे बसलेलेच होते आणि त्यांनी काठी उचलून हाक मारली.

"उत्तम, इकडं ये. बस."

मामा गेले, पण बसले नाहीत. "बोला गुरुजी. काय बोलाचं ते बोलून घ्या."

"तुह्या भाच्याचं खरं हाये," गुरुजी म्हणाले. पुस्तकी भाषा त्यांनी घरी ठेवली होती.

"काय खरं? अख्खं गाव हासलं."

"हासलं म्हूनच सांगून राह्यलो. अबे, खोटं सांगनारानं इंजिनच सांगतलं असतं. अथून कोन जानार होतं पाहाले? तू त्याले तेच म्हनाले लावलं होतं, मले दिसत होतं. पन बॅगा थंड्या ठिवतो अन् गाडी पाह्यली नाई, असं कोनी रचून सांगते का? येवढं लहान खोटं कोन बोलते?" त्यांनी बशीत चहा ओतला. "इतके वर्षं मले वाटे, पोरगं बेकार हाये अन् तू झाकून राह्यला. नाई. पोरगं कामावर हाये."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला आणि म्हणाला, "हाव, मलेबी रातीच पटलं."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मंग मी इंजिन सांगत होतो ते?"

"ते तू खोटं बोलत होता," गुरुजी शांतपणे म्हणाले.

मी मामांकडे पाहिलं. आता ते चिडतील, निघून जातील, असं मला वाटलं. रात्रीपासून ओढलेला त्यांचा चेहरा एकदम सैल झाला आणि ते धपकन बाकावर बसले.

"बोललो असन," ते म्हणाले. "माहं काय, मी तं रिटायर मानूस. पोरगं खरं निंघालं ना." आणि त्यांनी डोळे पुसले, उघड उघड, चारचौघांत. मी त्यांच्याजवळ बसलो. मामांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

तेवढ्यात सिल्लोडकडून आलेला एक अनोळखी माणूस बाकाच्या टोकाला टेकला आणि माझ्या शहरी बुटांकडे बघून त्याने मामांना विचारलं, पाहुणे काय करतात म्हणून. गुरुजींची बशी ओठापाशी थांबली.

"अमेरिकेच्या गाडीत बॅगा तापू देत नाई," मामा म्हणाले, आणि पुढे एक अक्षरही जोडलं नाही.